भार, तोल आणि बदली : एका इंग्रजी क्रियापदाचा मुंबईतील इतिहास

१

भाषांतरासंबंधीच्या आपल्याकडील चर्चेत एक विधान बहुधा पुराव्याची गरज नसलेले सत्य म्हणून केले जाते : भाषांतर म्हणजे एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत वाहून नेणे. विधानाच्या समर्थनार्थ इंग्रजी 'ट्रान्स्लेट' या क्रियापदाची व्युत्पत्ती दिली जाते, लॅटिनमधील 'पलीकडे' आणि 'नेणे' या दोन घटकांचा उल्लेख होतो, आणि मग आशय हे ओझे, दोन भाषा हे दोन तीर व भाषांतरकार हा नावाडी अशी सगळी रूपकसृष्टी ओघानेच येते. पदव्युत्तर वर्गातील भाषांतरमीमांसेचा पहिला तास पुष्कळदा या नावेत बसूनच सुरू होतो.

शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्या शब्दाने निर्दिष्ट होणाऱ्या व्यवहाराचे स्वरूप नव्हे, हा आक्षेप जुना आहे. तो मान्य करून पुढे जाता येते. प्रस्तुत लेखाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ज्या लॅटिन क्रियापदातून 'ट्रान्स्लेट' आले त्यातूनच 'ट्रान्स्फर'ही आले. ही दोन्ही क्रियापदे मुंबईत ज्या संस्थांबरोबर आली त्या संस्था म्हणजे शाळाखाते, कायदा, कचेरी आणि कापडगिरणी. त्यांनी व्यक्त होणाऱ्या व्यवहारांना मराठीने कोणती नावे दिली, आणि त्या नावांत 'वाहून नेणे' कितपत उरले? या प्रश्नाचा मागोवा घेतला तर भाषांतराविषयीची मराठीची स्वतःची एक धारणा हाती येते. ती सिद्धांताच्या रूपात कोणी मांडलेली नसली तरी शब्दांच्या निवडीत नोंदलेली आहे. गिरगावपासून दादर-परळ-लालबागपर्यंतच्या मुंबईत ही नोंद वाचण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

लॅटिनमधील 'त्रान्सफेर्रे' हे क्रियापद अनियमित आहे. वर्तमानकाळात त्याचे अंग 'फेर्', पूर्ण भूतकाळात 'तुल्' आणि कर्मणी धातुसाधितात 'लात्' असे आहे. इंग्रजीत वर्तमानकाळी अंगातून 'ट्रान्स्फर' आले आणि धातुसाधितातून 'ट्रान्स्लेट'. आज परस्परांपासून दूर वाटणारे हे दोन शब्द म्हणजे मुळात एकाच क्रियापदाची दोन रूपे होत.

मध्ययुगीन इंग्रजीत 'ट्रान्स्लेट'चे क्षेत्र आजच्यापेक्षा पुष्कळ विस्तृत होते. संताचे अवशेष एका थडग्यातून काढून दुसरीकडे स्थापित करणे, बिशपला एका धर्मप्रांतातून दुसऱ्या धर्मप्रांतात नेमणे, एका भाषेतील मजकूर दुसऱ्या भाषेत सांगणे, या सर्व क्रियांसाठी हेच क्रियापद चाले. हनोख मृत्यूचा अनुभव न घेता परलोकी नेला गेला, या प्रसंगी १६११ च्या इंग्रजी बायबलात हेच क्रियापद योजलेले आहे. शेक्सपिअरच्या 'ए मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये बॉटम या विणकराच्या धडावर गाढवाचे डोके दिसू लागते, तेव्हा त्याचा सोबती त्याचे वर्णन याच क्रियापदाने करतो. तेथे अर्थ आहे रूपच पालटणे. संताची अस्थी वाटेत बदलत नाही आणि बिशपही तोच राहतो. पण विणकर मात्र तोच राहत नाही. वाहून नेण्यात वस्तू तशीच राहते की नाही, हा भाषांतरमीमांसेतला वाद त्या क्रियापदाच्या पोटातच होता, हे यावरून दिसते.

अलंकारविचारातही हे क्रियापद आहे. ग्रीक 'मेटाफोरा' या संज्ञेतील 'फेरेइन' हा धातू लॅटिन 'फेर्'चा सगोत्र आहे. एका वस्तूचे नाव दुसऱ्या वस्तूकडे नेणे, अशा आशयाची रूपकाची व्याख्या ॲरिस्टॉटलने केली आणि रोमन अलंकारशास्त्रज्ञांनी तिच्यासाठी 'त्रान्सलातिओ' हा प्रतिशब्द घडवला. भाषांतराच्या व्यवहाराविषयी लिहिताना सिसेरो मात्र 'वळवणे' या अर्थाची क्रियापदे अधिक पसंत करतो. पुढे पंधराव्या शतकात लिओनार्दो ब्रुनीने 'त्रादुचेरे', म्हणजे 'पलीकडे घेऊन जाणे', हे क्रियापद रूढ केले. फ्रेंच आणि इटालियन त्याच्या मागे गेल्या, इंग्रजी जुन्या शब्दालाच धरून राहिली. तेव्हा 'वाहून नेणे' ही कल्पना युरोपातही एकमेव वा अनादी नव्हती. अनेक नावांपैकी एक नाव इंग्रजीत टिकले आणि आपल्याकडे इंग्रजीच आली.

३

या क्रियापदाच्या घटकांची भारतीय शाखेतील नाती पाहिली की आणखी एक गोष्ट लक्षात येते. 'फेर्' हा संस्कृत 'भृ' या धातूचा सगोत्र आहे. इंग्रजीत 'बेअर' आणि 'बर्थ', संस्कृतात भार, भर्ता, भार्या, भृत्य आणि भृति हे सर्व त्याच कुळातले. मराठीत भार आणि भारा आहेत; 'भरणे' हेही त्याच घरचे, फक्त त्याचा अर्थ वाहण्याकडून ओतप्रोत करण्याकडे सरकलेला आहे. या कुळातील 'भृति' हा शब्द पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. भृति म्हणजे वेतन. जो पोसला जातो तो भृत्य. आणि ज्यावर तो पोसला जातो ते वेतनही त्याच धातूचे. भार वाहणे आणि मजुरी मिळणे या दोन गोष्टी संस्कृताने एका धातूत ठेवल्या आहेत.

'तुल्' आणि 'लात्' ही अंगे वरवर भिन्न दिसली तरी त्यांचे मूळ एकच, 'उचलणे, पेलणे' या अर्थाचे आहे. संस्कृतातील तुला, तुलना आणि मराठीतील तोल, तोलणे हे त्याचे आप्त. म्हणजे 'ट्रान्स्फर'मध्ये भार आहे आणि 'ट्रान्स्लेट'मध्ये तोल आहे. प्राचीन रोमन वक्त्याला याची जाणीव असण्याचे कारण नाही आणि व्युत्पत्तीच्या बळावर सिद्धांत उभारू नये हे आरंभीच मान्य केले आहे. तरी जे अभ्यासक व्युत्पत्तीचाच आधार घेतात त्यांना इतके विचारता येईल, की तुम्ही भार तेवढा उचललात, तोल का सोडलात?

उरला 'त्रान्स्' हा उपसर्ग. तो 'ओलांडणे' या अर्थाच्या मूळ धातूपासून आलेला असून संस्कृत 'तॄ' त्याचा सगोत्र. तरणे, तारणे, तीर्थ, अवतार ही त्याची मंडळी. मराठीत याच परिवारातला 'उतारू' वाहनातून जाणाऱ्या माणसासाठी वापरला जातो, आणि 'उतारा' हा दस्तऐवजाच्या नकलेसाठी वा ग्रंथातील निवडक भागासाठी. सात-बाराचा उतारा मागणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी 'ट्रान्स्'चा हा दूरचा नातलग रोज असतो. लिहिलेला मजकूर एका जागेहून दुसऱ्या जागी उतरवण्याची कल्पना मराठीला अपरिचित नव्हती, हे यावरून स्पष्ट व्हावे. मराठीने ती नकलेसाठी राखून ठेवली आणि भाषांतरासाठी दुसरे शब्द घेतले. जाता जाता एक गैरसमज दूर करावा : नदी ओलांडण्याच्या नावेसाठी असलेला 'फेरी' हा इंग्रजी शब्द या 'फेर्'चा नव्हे. तो जर्मानिक शाखेतला असून त्याचे नाते 'पार' या शब्दाशी आहे. नावाड्याचे रूपक आवडत असेल तर ते अवश्य वापरावे. परंतु त्याला व्युत्पत्तीची साक्ष काढू नये.

४

आता मुंबईकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर येथे शालेय पुस्तके तयार करण्याचे काम संस्थात्मक पातळीवर सुरू झाले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही पुस्तके १८२८ सालची. 'बाळमित्र'चे मूळ बेर्केँ या फ्रेंच लेखकाचे, ते इंग्रजीत आले आणि तेथून मराठीत. म्हणजे मराठी बालवाङ्मयाचा आरंभच भाषांतराच्या भाषांतराने झाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये. पुढे सरकारात भाषांतरकाराचे पद निर्माण झाले. शंकर पांडुरंग पंडित यांच्यासारखा वेदाभ्यासक त्या पदावर होता. देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सार सरकारपुढे ठेवण्याची व्यवस्थाही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. गिरगावातल्या छापखान्यातून सकाळी निघालेला मजकूर काही दिवसांत इंग्रजीत, संक्षिप्त होऊन, अधिकाऱ्याच्या मेजावर येई. त्या व्यवहारात किती वगळावे आणि कशावर बोट ठेवावे हाच मुख्य प्रश्न असणार. तेथील भाषांतरकाराचे साधन नावेपेक्षा तराजूच अधिक होते.

या सर्व कामाला मराठीने नाव दिले ते 'भाषांतर'. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९४ मध्ये पुण्यात काढलेल्या मासिकाचे नावही हेच होते. त्यापूर्वीपासून दरबारी आणि कचेरीच्या भाषेत अरबीतून आलेला 'तर्जुमा' होता, 'उल्था' होता. 'अनुवाद' हा शब्द या अर्थाने पुढे विसाव्या शतकात अधिक रूढ झाला. या चारही शब्दांत वाहून नेणे नाही. 'तर्जुमा'त उलगडून सांगणे आहे. 'उल्था'त उलटणे, पालटणे आहे. 'अनुवाद' म्हणजे मागून बोलणे. न्याय आणि मीमांसा या दर्शनांत आधी सिद्ध असलेल्या गोष्टीचे सप्रयोजन पुनःकथन म्हणजे अनुवाद. प्रयोजन नसेल तर ती केवळ पुनरुक्ती. मागून बोलणाऱ्याकडे बोलण्याचे कारण असले पाहिजे, ही अट त्या संज्ञेतच अंतर्भूत आहे.

'भाषांतर' या समासाचा विग्रह 'अन्य भाषा' असा होतो. देशांतर, रूपांतर, मतांतर, धर्मांतर, लोकांतर, स्थलांतर ही त्याची भावंडे. हे सर्व शब्द क्रियेचा मार्ग सांगत नाहीत. क्रिया संपल्यावर जे 'अन्य' उरते ते सांगतात. आणि 'अंतर' या शब्दाचा मराठीतला नेहमीचा अर्थ फरक वा दूरी असा असल्यामुळे, मराठी वाचकाच्या कानाला भाषांतर म्हणजे 'भाषेतले अंतर' असेही ऐकू येते. 'पाठांतर' हा त्याच घडणीचा शब्द मूळ 'निराळा पाठ' या अर्थाचा. मराठीत तो तोंडपाठ करण्यालाही लागला. एकाच शब्दात भेद आणि निष्ठापूर्वक जतन हे दोन्ही राहू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मराठी नाटकाचा व्यवहारही या शब्दकुळाशी सुसंगत आहे. देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' केले, आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित', शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'चा 'राजमुकुट'. मूळ नाव तसेच आणण्याऐवजी नाटकाला दुसरे नाव देण्यात कोणाला अपराध वाटला नाही, आणि गिरगावच्या प्रेक्षकालाही आपली फसवणूक झाली असे वाटले नाही. अन्यत्व उघडपणे मान्य केल्यावरच निष्ठेचा प्रश्न सुरू होतो, अशी ही भूमिका होती.

संस्कृत साहित्यशास्त्राची साक्षही येथे काढता येईल. ग्रीकांचा 'मेटाफोरा' नाव उचलून दुसरीकडे नेतो. लक्षणेच्या विवेचनात मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी असलेला योग, आणि रूढी अथवा प्रयोजन या तीन गोष्टी लागतात. शब्द कोठेही जात नाही. जागच्या जागी त्याचा मुख्य अर्थ अडतो आणि दुसरा सूचित होतो. या विचारात वाढलेल्या भाषेला भाषांतरासाठी वाहतुकीचे रूपक सुचले नाही, यात नवल नाही.

५

'ट्रान्स्फर'ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने या क्रियापदाला सर्वांत नेमका अर्थ दिला. 'हस्तांतर' हा शब्दही 'अंतर' कुळातलाच : वस्तू तीच, हात दुसरा. काय हस्तांतरित होऊ शकत नाही, याची यादीही हा अधिनियम देतो. वारसाची नुसती आशा विकता येत नाही. केवळ दावा लावण्याचा अधिकार देता येत नाही. सार्वजनिक पद आणि त्या पदाचे वेतन हीही हस्तांतरणाच्या कक्षेबाहेर आहेत. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण इंग्रजीत त्याच पदावरच्या माणसाला मात्र 'ट्रान्स्फर' करता येते. पद जागेवर राहते आणि माणूस हलतो. मराठीने या दोन क्रियांना दोन नावे दिली : मालमत्तेचे हस्तांतर आणि माणसाची बदली.

लोकव्यवहारात तर नावांची संख्या आणखी वाढते. गिरगावातल्या चाळीतली खोली 'नावावर होते'. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला आपला हक्क परस्पर दुसऱ्याला देण्यास मनाई केली, तरी पागडीचा व्यवहार चालूच राहिला आणि १९९९ च्या राज्य कायद्याने अखेर त्याला मान्यता दिली. या सगळ्या काळात खोली तसूभरही हलली नाही; पावतीवरचे नाव तेवढे बदलले, आणि बोलीने नेमके तेवढेच सांगितले. बँकेतली रक्कम 'वर्ग होते' किंवा 'वळती केली जाते'. विद्यार्थी शाळा सोडल्याचा दाखला घेतो. पोलीस ठाण्यातला गुन्हा 'वर्ग' होतो. इंग्रजीने एका क्रियापदात बांधलेल्या या क्रिया मराठीने सोडवून, प्रत्येकीत प्रत्यक्ष काय बदलते ते पाहून, वेगवेगळी नावे दिली आहेत.

यांतील 'बदली' या शब्दापाशी थांबले पाहिजे. अरबी 'बदल' म्हणजे एकाच्या जागी दुसरे. अरबी व्याकरणात ती पारिभाषिक संज्ञाही आहे. फार्सीमार्गे मराठीत आल्यावर त्यातून बदल, बदला, बदलणे, बदली ही मालिका तयार झाली. सरकारी कचेरीत 'बदली' म्हणजे नोकराचे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. परळ-लालबागमध्ये मात्र 'बदली' हे माणसाचेच नाव झाले.

६

मुंबईच्या कापडगिरण्यांत कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता जो लावला जाई तो बदली कामगार. ही प्रथा गिरण्यांइतकीच जुनी म्हणता येईल. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार शेतीच्या हंगामात, लग्नकार्यात, आजारपणात गावी जाई. साचा मात्र चालू राहिला पाहिजे. सकाळी खात्याच्या दाराशी जमलेल्यांतून कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी, आणि त्या निवडीत गावकी, नाते, उसनवारी या सर्वांचा हिशेब असे. रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या अधिकारावर टीका केली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली. ठरावीक लोकांना बदलीची कार्डे मिळू लागली आणि त्यांनी रोज सकाळी हजेरी द्यावी असे ठरले. कार्डामुळे बदलीला गिरणीच्या दप्तरात स्थान मिळाले. काम मिळण्याची हमी मात्र मिळाली नाही.

कचेरीतली बदली आणि गिरणीतली बदली यांची तुलना केली तर दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत असे दिसते. कचेरीत माणूस तोच राहतो, ठिकाण पालटते आणि पगार चालू असतो. गिरणीत ठिकाण तेच, साचाही तोच. माणूस पालटतो, आणि पगार फक्त त्या दिवसाचा. पहिल्या व्यवहारात ज्याला 'नेले' जाते त्याचे सातत्य गृहीत आहे. दुसऱ्यात व्यवस्थेचे सातत्य राखण्यासाठी माणसाचे सातत्य नाकारलेले आहे. इंग्रजी क्रियापदाचे 'वाहून नेणे' पहिल्या अर्थाला कसेबसे लागू पडते. दुसऱ्याला ते मुळीच लागत नाही. म्हणूनच गिरण्यांच्या इंग्रजी दप्तरांत, चौकशी अहवालांत आणि न्यायनिवाड्यांत हा शब्द 'बदली' असाच राहिला. भाषांतर होऊ न शकलेला शब्द हा पुष्कळदा भाषेपेक्षा समाजव्यवस्थेविषयी अधिक सांगतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. बदली कामगारांना कायम करावे ही त्या संपाच्या मागण्यांपैकी एक होती. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरण्याही एकेक करून गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकासाठी अशी विभागणी सांगितली. २००१ च्या दुरुस्तीने ती विभागणी फक्त मोकळ्या भूखंडापुरती मर्यादित केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. त्याच १९९१ च्या नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे ज्याला सर्व जण 'टीडीआर' म्हणतात तो, मुंबईत आणला. जमीन येथे आणि तिच्यावर बांधण्याचा हक्क उपनगरात दुसरीकडे, असा हा व्यवहार. 'ट्रान्स्फर'चा वाहून नेण्याचा अर्थ मुंबईत खऱ्या अर्थाने कोठे सिद्ध झाला असेल तर तो येथे. हक्क हे गाठोडे झाले, आणि ते उचलून दुसऱ्या जागी ठेवता येऊ लागले.

या काळाचे नाटक जयंत पवार यांनी लिहिले, ते १९९७ चे 'अधांतर'. गिरणगावातल्या एका कामगार कुटुंबाची ही कथा. या शब्दातले 'अंतर' मधली पोकळी सांगते, 'अन्य' सांगत नाही. तेव्हा भाषांतर-स्थलांतर-हस्तांतर यांच्या पंक्तीत तो व्याकरणाने बसत नाही. परंतु स्थलांतर करून आलेल्या माणसांच्या पायाखालच्या जमिनीचे हस्तांतर झाल्यावर जी अवस्था उरते तिला याहून नेमका शब्द मराठीत नाही.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. वाहतुकीच्या रूपकाची अडचण केवळ ते परके आहे ही नाही. परकी रूपके उपयोगी ठरू शकतात. त्याची खरी अडचण अशी की त्यात ओझे दिसते, दोन तीर दिसतात आणि वाहणारा दिसेनासा होतो. आदर्श भाषांतरकार पारदर्शक असावा ही अपेक्षा त्याच रूपकाची परिणती आहे. मुंबईच्या मराठीत वाहणाऱ्यांची नावे मात्र ठसठशीत आहेत. अरबीतल्या 'वाहणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला हमाल आहे. डोक्यावर नि पाठीवर बोजा घेणारा माथाडी आहे, आणि या दोघांच्याही नावाने महाराष्ट्राने १९६९ मध्ये कायदा केला. दोन भाषा बोलणारा दुभाषी आहे. दुसऱ्याच्या साच्यावर उभा राहणारा बदली आहे. या शहराच्या शब्दसंग्रहात क्रियेआधी माणूस आहे, आणि माणसाबरोबर त्याच्या भृतीचा प्रश्न आहे.

भाषांतरकाराला बदली कामगार म्हणावे असे सुचवायचे नाही. साम्य ताणले की तुटते. तरी दुसऱ्याने लावलेल्या ताण्यावर आपला बाणा विणायचा, कापड त्याच्या नावावर जायचे, आणि आपली उपस्थिती दप्तरात असूनही कायम नसायची, या गोष्टी मराठी भाषांतरकाराला अनोळखी नाहीत. आपल्या वाङ्मयेतिहासात भाषांतरित ग्रंथांना स्वतंत्र प्रकरण क्वचितच मिळते. जे मिळते ते बहुधा 'प्रभाव' या शीर्षकाखाली, म्हणजे मूळ लेखकाच्या खात्यावर.

एका उदाहरणाने हे विवेचन पुरे करतो. कृष्णचंदर यांनी दादरच्या पुलावरील मुलांवर कादंबरी लिहिली. कृष्णचंदर उर्दूचे लेखक, पण मुंबईचे रहिवासी. ती 'दादर पुलाकडील मुले' या नावाने मराठीत आणली नारायण सुर्वे यांनी. ज्यांना एका गिरणी कामगार दांपत्याने वाढवले, ज्यांनी लहानपणी गिरणीत काम केले, आणि जे पुढे पालिकेच्या शाळेत आधी शिपाई व नंतर शिक्षक झाले. या भाषांतरात नेमके काय कोठून कोठे नेले गेले? पूल दादरलाच होता. मुले त्या पुलापाशीच होती. लेखक याच शहरातला, भाषांतरकार याच शहरातला, आणि मराठी वाचकांपैकी अनेक जण तो पूल रोज ओलांडणारे. कोणतीही नदी मध्ये नव्हती, कोणताही पैलतीर नव्हता. तरी ही कादंबरी मराठीत आल्यावर काही घडले, हे नाकारता येत नाही. त्या मुलांबद्दल आता दुसरा माणूस बोलू लागला, आणि तो माणूस फुटपाथ व चाळ आतून ओळखणारा होता. मागून बोलण्याला त्याच्याकडे प्रयोजन होते. वाहून नेण्याचे रूपक या घटनेपुढे निरुत्तर होते. 'अनुवाद' होत नाही. 'भाषांतर'ही होत नाही, कारण भाषा अन्य झाली एवढेच ते म्हणते आणि तेवढे खरे आहे.

इंग्रजी क्रियापदाची व्युत्पत्ती वर्गात सांगू नये असे कोणी म्हणणार नाही. ती पूर्ण सांगावी, भारासोबत तोलही सांगावा, आणि मग विद्यार्थ्यांना हे विचारावे : कोण उचलतो, कोणाच्या जागी उभा राहतो, आणि त्या दिवसाची हजेरी कोणाच्या नावावर लागते?